डोंगरी माशांची जात डीएनएवरून ओळखताय? या चुका टाळा

नागपुरात झूलॉजी नाहीतर फिशरीजचा प्रोजेक्ट करणारी बरीच पोरं आता पेंच-मेळघाटातल्या ओढ्यांतले मासे घेतात, काहीजण तर थेट उत्तराखंडातून स्नो ट्राउटचे (हिमालयातल्या थंड पाण्यातले मासे, शास्त्रीय नाव स्किझोथोरॅक्स) नमुने आणतात, आणि सगळ्यांना वाटतं मशीन नाव सांगेल. मशीन फक्त डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) देते हो. नाव द्यायला मासा जपून ठेवलेला लागतो आणि तो कुठल्या पाण्यातला ते नीट लिहिलेलं लागतं. बहुतेक गडबड सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे ही अक्षरं वाचण्याच्या, आधीच झालेली असते.

पहिली चूक फॉर्मलिन. मासा धरला की टाकला फॉर्मलिनमध्ये. आकार टिकवायला ते उत्तम, पण डीएनएची पार वाट लागते. त्यामुळे आधी उजव्या बाजूच्या, पोटाखालच्या फिनचा तांदळाएवढा तुकडा कापून 95 टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाका, डावी बाजू फोटो आणि मोजमापासाठी शाबूत ठेवा, आणि मगच मासा फॉर्मलिनमध्ये घाला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत बाटल्या रूमवर पडून राहिल्या की झाकणातून इथेनॉल उडतं, म्हणून सील बघा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढल्यावर, जेलवर बँड (पट्टा) येत नाही? लगेच प्रायमर (तुकड्याची सुरुवात-शेवट ठरवणारे छोटे डीएनए) बदलू नका. बाजारातल्या ताज्या रोहूचा चांगला डीएनए सोबत लावा. रोहूलाही बँड नसेल तर गोंधळ मिक्समध्ये किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये आहे, रोहूला आला आणि तुमच्या माशाला नाही तर डीएनए दहापट पातळ करून बघा, कारण इन्हिबिटर, म्हणजे पीसीआर अडवणारा पदार्थ, असला की असंच होतं. बिनडीएनएची ट्यूब पण लावाच, बाहेरचा डीएनए मिसळलाय का ते कळतं.

सिक्वेन्समध्ये जागोजागी स्टॉप कोडॉन (प्रोटीन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं) दिसले तर आधी सॉफ्टवेअरमध्ये कोड कुठला निवडलाय ते बघा. टीजीए म्हणजे साध्या कोडमध्ये स्टॉप, पण पृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतला ऊर्जा देणारा भाग, त्याचा डीएनए वेगळा) तोच ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. कोड आणि फ्रेम (तीन-तीन अक्षरं कुठून मोजायची ते) बरोबर असूनही स्टॉप राहिले तर वाचनातली चूक असेल, नाहीतर त्याच जीनची न्यूक्लियसमधली खोटी कॉपी वाचली गेली असेल.

आता खरा घोळ. जात ओळखायला वाचतात त्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जीनचा साधारण 650 बेसचा (अक्षरांचा) तुकडा ब्लास्टला, म्हणजे जुळणारे सिक्वेन्स शोधणाऱ्या प्रोग्रामला, टाकला, 99 टक्के मॅच आला, वरचं नाव उचललं आणि थीसिसमध्ये लिहिलं! अरे पण ते वरचं नाव कोणी दिलं, मासा जपलाय का, कुठल्या नदीतला, हे बघितलं का? जेनबँकमध्ये, म्हणजे हे सिक्वेन्स जिथे जमा होतात त्या सार्वजनिक साठ्यात, चुकीच्या नावाचे सिक्वेन्स भरपूर आहेत. महसीर या नदीतल्या मोठ्या माशाचंच बघा. त्यातल्या टॉर खुद्री या जातीचं वर्णन साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून केलं, पुढे लोणावळ्याच्या हॅचरीतलं त्याचं बीज देशभर सोडलं गेलं, कावेरीतही. कावेरीतला मूळचा कुबडवाला महसीर मात्र वेगळाच, आणि तो म्हणजे टॉर रेमादेवी हे नक्की व्हायला 2018 उजाडलं. म्हणून नदी लिहा, खोरं लिहा. मेळघाटातलं पाणी तापीला जातं, पेंचचं कन्हान-वैनगंगेतून गोदावरीला. दोन्हींकडचे मासे 'सातपुडा' म्हणून एका बाटलीत भरले की प्रश्न तिथेच मेला, मग कुठलाही जीन वाचा.

दोन टक्के फरक म्हणजे वेगळी जात, हा नियम नाही, अंदाज आहे. इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी या छोट्या लोचचं वर्णन डेने 1872 मध्ये केलं, आणि याच वंशातल्या दोन नव्या जाती उत्तर सह्याद्रीतून 2021 मध्ये वेगळ्या केल्या गेल्या. काश्मीरच्या स्किझोथोरॅक्समध्ये मात्र तोंडाची ठेवण, खाणं, अंगकाठी सगळं वेगळं पण मायटोकॉन्ड्रियल फरक अगदी कमी. त्यात हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झाला असला तरी सीओआय गप्पच राहतं. तिथे न्यूक्लियर मार्कर (न्यूक्लियसमधल्या डीएनएच्या खुणा) घ्यावेच लागतात, आणि तेही जपून, कारण स्नो ट्राउट आणि महसीर दोन्ही पॉलिप्लॉइड वंशातले, म्हणजे क्रोमोसोमचे दोनापेक्षा जास्त संच असलेले, क्रोमोसोम शंभराच्या आसपास. डिप्लॉइड (दोनच संच) धरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोसॅटेलाइटचा (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांचा) डेटा तसाच ढकलला तर आलेले आकडे बिनकामाचे.

खात्री नसेल तर 'स्किझोथोरॅक्स एसपी.' (वंश माहीत, जात नाही) एवढंच लिहा, जपलेल्या माशाचा नंबर आणि जीपीएस जोडून सिक्वेन्स जमा करा. परीक्षकांनी विचारलं तर बाटली काढून दाखवता येईल.