फरशी कापताना कूलर बंद करा
भाऊ, नागपुरात उन्हाळ्यात फरशीचं काम काढलं अन् मिस्त्रीनं ग्राइंडर लावला की पहिले कूलर बंद करा, नाहीतर ती धूळ घरभर फिरून राहते. टाइलच्या धुळीत सिलिका (वाळूत असते ते खनिज) असते, कृत्रिम क्वार्ट्झ स्लॅबमधे तर बरेचदा ९० टक्क्यांच्या आसपास, अन् जो कण डोळ्याला दिसत नाही तोच फुफ्फुसात खोल जाऊन बसतो, त्यानं सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार झाला की बरा होत नाही बाप्पा, ऑस्ट्रेलियानं तर २०२४ मधे असे स्लॅब बंदच केले. सरळ काप असंल तर हाताचं टाइल कटर वापरा, नाहीतर अंगणात पाणीवाल्या मशीनवर कापा. रुमाल चालत नाही, एन९५ मास्कच पाहिजे, मिस्त्रीलाही द्या, त्याच्या तर रोज नाकात जाते ही धूळ. नंतर झाडू नका मारू, ओल्या पोछ्यानं पुसा.