विकायला काढलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत ठरवताना

जाहिरातींतले आकडे बघून किंमत ठरवू नका. ते मालकाने मागितलेले असतात, मिळालेले नव्हे. गाडी खरोखर कितीला गेली, ते लिलावांच्या निकालांत कळतं. मात्र छापलेल्या रकमेत बहुतेकदा खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं कमिशनही धरलेलं असतं. ते आधी वजा करा.

तुलना नेमक्या त्याच आवृत्तीशी करा. जॅग्वार ई-टाइप म्हटली तरी १९६१ची ३.८ लिटर इंजिनाची, १९६४नंतरची ४.२ लिटरची आणि १९७१पासूनची व्ही-१२ (बारा सिलिंडरची) यांचे भाव वेगवेगळे.

मग गाडीखाली टॉर्च घेऊन शिरा. दाराखालच्या पट्टीत आणि जॅक लावायच्या जागी गंज आहे का, इंजिनावरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का, हे बघा. इंजिन मूळचं असेल तर किंमत ठामपणे चढी ठेवा. बदललेलं असेल तर जाहिरातीतच सांगा, जाणकाराला ते कळतंच. जुनी बिलं तारखेनुसार फाइलला लावा. फाइल जाड असली की घासाघीस कमी होते, हे मी खात्रीने सांगेन.

डागडुजीवर केलेला खर्च मात्र किमतीत जसाच्या तसा मिळवू नका, तो क्वचितच पूर्ण वसूल होतो. आणि किमान किती घेणार, ते फोन यायच्या आधीच कागदावर लिहून ठेवा.