वावरातून थकून आल्यावर पोरावर हात उचलायचा नसेल तर काय करायचं

कापूस वेचणीचे दिवस आले की दिवसभर कंबर मोडून माय-बाप घरी येतात, पोरगं दारातच काहीतरी हट्ट धरते आन् पाठीत धपाटा बसतो. मीही मारलं आहे माझ्या पोराला आणि रात्री त्याचं झोपलेलं तोंड पाहून रडलो पण आहे, म्हणून हे लिहून राहिलो.

१. आल्याबरोबर पोराच्या तक्रारी ऐकायला बसू नका. हातपाय धुवा, पाणी प्या, पाच मिनिटं ओट्यावर बसा. राग बहुतेक वेळा पोराचा नसतोच, कापसाच्या भावाचा असतो नाहीतर रानडुकरानं केलेल्या नुकसानीचा असतो. पोराला सांगा, "मले पाच मिनिटं दे, मंग तुह्यापाशी येतो." आणि खरंच जा.

२. मग दहा मिनिटं फक्त त्याची, मोबाईल बाजूला. अभ्यास काढू नका. "शाळेत काय झालं" विचारलं तर "काही नाही" एवढंच येते, त्यापेक्षा "आज खिचडी कोणापाशी बसून खाल्ली?" विचारून पहा, तुरीच्या शेंगा सोलता सोलता सगळी शाळा बाहेर येते.

३. हट्ट, हे सगळ्यात अवघड. लहान लेकराला स्वतःचा राग आवरता येत नाही, त्याचा मेंदूच तेवढा तयार झालेला नसते, त्यामुळं बाजारात लोळणारं पोरगं आपल्याला मुद्दाम छळते असं समजू नका. त्याच्या उंचीवर खाली बसा, हळू आवाजात म्हणा, "तुले राग आला ना, पण आज खाऊ नाही घ्यायचा." रडू द्या, जवळच थांबा, लोकं पाहतात म्हणून घेऊन देऊ नका, कारण एकदा रडून मिळालं की पुढच्या बाजारी ते दुप्पट रडते. अन् आजीशी आधी बोलून ठेवा, नाहीतर आपण नाही म्हणतो आणि पदराखालून दहाची नोट निघते!

४. कौतुक नेमकं करा. नुसतं "हुशार आहे" नाही, "वासराला पाणी तू आठवणीनं पाजलं" असं. तान्हा पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी बैल सजवून नेतात त्या सणाला, दुसऱ्याच्या पोराचा नंदी भारी सजला म्हणून आपल्या पोराला तिथंच टोमणा मारू नका, ते वर्षभर लक्षात ठेवतात.

५. शाळेत जाऊन "याले चांगलं ठोका" सांगणं बंद करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मारायला मनाईच आहे. कुठं लेकराला जबर मारहाण होत असेल तर 1098 या लेकरांच्या मदतीच्या नंबरवर (चाइल्डलाइन) फोन लावा, पैसे लागत नाहीत.

६. एवढं करूनही हात उठलाच तर माफी मागा. बापानं माफी मागणं आपल्याकडं कमीपणाचं वाटते, मलाही लय जड गेलं. पण त्यानंतर आठच दिवसांनी पोरानं शाळेतली मारामारी स्वतःहून येऊन सांगितली, आधी मार बसंल म्हणून त्यानं ती लपवलीच असती.