सशाचे पोट आणि आपल्याकडची वैरण

घरी ससा असेल, तर सकाळी त्याच्या पुढ्यात काही टाकण्याआधी रात्रभरात पडलेल्या लेंड्या पाहाव्यात. त्या गोल, कोरड्या, साधारण वाटाण्याएवढ्या आणि एकसारख्या आकाराच्या असतील, आणि बोटांत चुरडल्यावर आत गवताचा भुसा दिसत असेल, तर पोट नीट चालले आहे असे समजावे. निरोगी ससा दिवसाला 200 ते 300 लेंड्या टाकतो. कोणी त्या मोजत बसत नाही, पण रोज पिंजरा झाडणाऱ्याला नेहमीचा ढीग केवढा असतो याचा अंदाज आपोआप येतो, आणि एखाद्या सकाळी तो निम्मा दिसला, किंवा लेंड्या मिरीएवढ्या बारीक दिसल्या, तर सशाच्या आजाराची पहिली बातमी तिथेच मिळते. इतर प्राण्यांची शिकार होणारा हा जीव दुखणे लपवतो. तो बाहेरून आजारी दिसू लागतो, तेव्हा आतले बिघडून बराच वेळ झालेला असतो.

आमचा पहिला ससा आम्ही हे न कळल्यामुळे गमावला. विकणाऱ्याने भिजवलेले हरभरे, गाजर आणि चपातीचा तुकडा घालायला सांगितले होते आणि आम्ही प्रेमाने तेच घालत राहिलो. दोन दिवस लेंड्या बारीक होत गेल्या, पण त्याचा अर्थ आम्हाला लावता आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तो कोपऱ्यात थंड पडलेला सापडला. साताऱ्यात किंवा सांगलीत नव्याने ससा आणणाऱ्या कोणत्याही घरावर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी पुढचे सारे सविस्तर लिहिले आहे.

पोट कसे चालते

सशाला ओकारी करता येत नाही. पोटात गेलेले सारे पुढेच सरकावे लागते, आणि ते सरकवण्याचे काम गवतातला लांब, चिवट, न पचणारा चोथा करतो. आतड्याच्या वाटेत अंधनाल, म्हणजेच आंधळे आतडे, हा भाग सशामध्ये फार मोठा असतो आणि त्यात असंख्य उपयुक्त जिवाणू अन्न आंबवण्याचे काम करतात. मोठे आतडे जाड चोथा वेगळा काढून त्याच्या कोरड्या लेंड्या करते आणि बारीक, कसदार भाग मागे अंधनालात पाठवते. तिथे आंबलेले अन्न काही तासांनी मऊ, चकचकीत लेंड्यांच्या रूपाने बाहेर येते; त्या एकमेकींना चिकटून द्राक्षाच्या इवल्या घडासारख्या दिसतात आणि ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून पुष्कळांना किळस येते, काही जण सशाला तसे करण्यापासून अडवतात. तसे मुळीच करू नये, कारण त्यातून त्याला प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. निरोगी सशाच्या या मऊ लेंड्या आपल्या नजरेस सहसा पडतच नाहीत. त्या जमिनीवर चिरडलेल्या किंवा शेपटीखाली चिकटलेल्या वारंवार दिसू लागल्या, तर खाण्यात दाणा किंवा गोड जास्त होते आहे, अथवा ससा एवढा लठ्ठ झाला आहे की त्याचे तोंड तिथवर पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ असतो.

हरभरा, चपाती, भाकरी, भात, बिस्किट यांतला पिष्टमय भाग अंधनालात पोहोचला की तिथल्या जिवाणूंचा तोल बिघडतो, घातक जिवाणू वाढतात, वायू धरतो आणि विषारी द्रव्ये तयार होतात. नुकत्याच दूध सुटलेल्या पिल्लांना तर याने एका दिवसात जुलाब लागून प्राण गमवावे लागतात.

दातांचाही पोटाशी जवळचा संबंध आहे. सशाचे 28 दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे 2 ते 3 मिलिमीटर वाढतात. लांब गवत दाढांनी रगडून खाल्ले तरच ते झिजतात. नुसत्या पेलेटवर, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या दाबलेल्या खाद्यगोळ्यांवर, ठेवलेल्या सशाच्या दाढांना टोके येतात, ती जीभ आणि गाल कापतात, वेदनेमुळे खाणे थांबते आणि खाणे थांबले की आतडे थांबते. ससा अन्नाजवळ जाऊन हुंगतो पण न खाता परततो, किंवा हनुवटी लाळेने ओली राहते, तेव्हा आधी दाढा तपासून घ्याव्यात.

कोणते गवत, कोणते नाही

प्रौढ सशाच्या रोजच्या खाण्यात 80 ते 85 टक्के वाटा गवताचा असावा. मोजमापाची सोपी खूण अशी की, त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग दररोज ताजा घालावा आणि तो रात्रंदिवस कधीही संपू देऊ नये. इथेच आपल्या भागातल्या नावांमुळे एक मोठा घोटाळा होतो. बाजारात ‘घास’ मागितला की विक्रेता लसूणघासाची हिरवीगार पेंढी हातात देतो, आणि घास म्हणजे गवतच या समजुतीने ती रोज सशाला घातली जाते. लसूणघास हे गवत नाही. ते मेथीसारखे शेंगवर्गातले पीक आहे आणि त्यात प्रथिने व कॅल्शियम भरपूर असते. इतर प्राणी गरजेपुरते कॅल्शियम शोषतात, ससा मात्र खाण्यात येईल त्या प्रमाणात शोषतो आणि जादाचे लघवीवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट होते, मूत्राशयात गाळ साठतो आणि पुढे खडे होतात. वाढत्या वयाच्या, साधारण 6 महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला घास चालतो. प्रौढ सशाला तो आठवड्यातून एखादी काडी एवढाच ठेवावा.

माझ्या मते आपल्याकडच्या गवतांत सशासाठी मारवेल सर्वांत चांगले: काडी बारीक, पाने भरपूर आणि वाळल्यावरही गोडसर वास टिकतो. हरळी हिरवी किंवा वाळवलेली, दोन्ही रूपांत आवडीने खाल्ली जाते. ज्यांच्या शेताच्या बांधावर गिन्नी गवत आहे, त्यांनी ते फार निबर होण्याआधी कापून सावलीत सुकवावे. हत्ती गवत घालायचे तर कोवळे आणि इतर गवतात मिसळून घालावे. पाटण, जावळीकडचे डोंगरी गवत पावसाळ्यानंतर कापून येते; ते विकत घेताना त्यात कुसळी गवत किती आहे हे पेंढी उसवून पाहावे, कारण कुसळाची अणकुचीदार टोके हिरड्यांत, जिभेखाली आणि डोळ्यांतही शिरतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडे गवत दुर्मीळ आणि कडबा मुबलक असतो. अशा ठिकाणी स्वच्छ वाळलेल्या कडब्याची पाने गवताच्या जोडीला घालावीत आणि त्याचे ताट, म्हणजे धांडा, कुरतडायला ठेवावे, पण कडबा हेच मुख्य अन्न करू नये. कोवळी हिरवी ज्वारी जशी गुरांना विषबाधा करते म्हणून टाळतात, तशीच ती सशालाही घालू नये. भाताचे पिंजर अंथरायला उत्तम. त्यात कस फारसा नाही, म्हणून सशाने चार काड्या चघळल्या तरी ते जेवण धरू नये.

उसाचे वाढे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गळीत हंगामात सहज मिळते, पण त्याच्या पानांच्या कडा धारदार असतात आणि त्यात ऑक्झलेट हे कॅल्शियमशी मिळून खडे बनवणारे द्रव्यही जास्त असते, तेव्हा ते गोठ्यापुरतेच असू द्यावे. गाजर गवताच्या नावात गाजर आहे आणि गवतही आहे, तरी ते विषारी तण आहे. घाणेरी, म्हणजे टणटणीही तशीच. मुलांना पाला आणायला पाठवताना या दोन वनस्पती त्यांना प्रत्यक्ष दाखवून ठेवाव्यात.

तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबागेतले गवत कधीही आणू नये. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत तिथे फवारण्या सुरू असतात आणि औषधाचा अंश वेलींखालच्या गवतावरही पडतो. द्राक्षे आणि बेदाणे यांचा मोह सशाला फार असतो. एखादे द्राक्ष आठवड्यातून एकदा दिले तर चालते, बेदाणा मात्र साखरेची गोळीच असल्याने देऊ नये.

गवत हातात घेऊन हुंगावे. हिरवट पिवळा रंग आणि वाळल्या रानाचा वास असला की ते चांगले. काळे ठिपके, पांढरी बुरशी किंवा कोंदट वास आला तर पेंढी कितीही महाग असो, टाकून द्यावी. पावसाळ्यापूर्वी घेतलेले गवत जमिनीपासून वर, फळीवर, हवा खेळेल असे ठेवावे. ओल्या गवताचा ढीग काही तासांत आतून तापतो. असे उबलेले गवत पोटात वायू धरते.

भाजी, पेलेट आणि पाणी

हिरव्या पाल्यांत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला आणि थोडी मेथी चालते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक वाटी, दोन-तीन प्रकार मिसळून, धुऊन आणि निथळून घालावी. पालक, राजगिरा, तांदळजा यांत ऑक्झलेट असल्याने ते रोज घालू नयेत. कांदा, लसूण, बटाटा आणि टोमॅटोचा पाला पूर्ण वर्ज्य समजावा. गाजर हे सशाचे अन्न आहे ही समजूत चित्रांमुळे घराघरांत रुजली आहे. प्रत्यक्षात ते गोड कंदमूळ आहे, म्हणून बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. पेलेट दिवसाला किलोमागे 20 ते 25 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, आणि त्यात रंगीत दाणे, मका किंवा सूर्यफुलाच्या बिया मिसळलेल्या नसाव्यात, कारण ससा तेवढेच वेचून खातो. खाण्यातला कोणताही बदल 7 ते 10 दिवसांत हळूहळू करावा. आजवर चपातीवर वाढलेला ससाही अशा रीतीने गवतावर येतो. मात्र तो आपण होऊन गवत खाऊ लागल्याशिवाय जुने अन्न एकदम तोडू नये.

पाणी जड, पसरट मातीच्या भांड्यात ठेवावे. बाटलीच्या नळीपेक्षा भांड्यातून ससे जास्त पाणी पितात. सांगलीचा एप्रिल-मे सशाला फार जड जातो. तापमान 30 अंशांच्या वर गेले की त्याचे खाणे घटते आणि त्यामागोमाग पोट मंदावते. ओले पोते खिडकीला टांगणे, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवणे, पाला ओला देणे, एवढ्याने बरेच साधते. अंगावर थंड पाणी मात्र ओतू नये.

पावसाळ्यात धोका वेगळा असतो. दमट, घाणेरड्या जागेत कोक्सिडिया या परजीवींची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गजन्य होतात, पिल्लांचे पोट फुगते आणि पातळ शौच होते. रोज झाडून जागा कोरडी केली, तर हे चक्र बरेच तुटते. शेपटीखालचा भाग या दिवसांत दररोज उचलून पाहावा, कारण तिथे घाण चिकटली असेल तर माश्या बसून एका दिवसात अळ्या पडतात.

खाणे थांबले तर

सशाने 10 ते 12 तास काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसणे, दात कराकरा खाणे, आवडीची कोथिंबीर नाकाशी धरली तरी तोंड फिरवणे, ही त्याआधीची लक्षणे होत. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले आणि कडक लागत असेल, तर आतडे अडलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी सिरिंजने काहीही पाजू नये. सशाचे नेहमीचे तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सियस असते. कान आणि अंग थंड लागले तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून कुशीला ठेवावी आणि तसेच घेऊन निघावे. एरंडेल किंवा घरातले जुलाबाचे औषध देऊ नये.

सर्वांत जास्त काळजी माणसांच्या प्रतिजैविकांची घ्यावी. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिली तर अंधनालातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा त्या औषधानेच दगावतो. कुत्र्यांच्या गोचिडांवर मारायचा फिप्रोनिलचा फवाराही सशासाठी विषारी आहे. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर बहुतांशी गाई-म्हशी आणि शेळ्या पाहतात, तेव्हा ससे कोण तपासतो हे ससा धडधाकट असतानाच फोन करून विचारून ठेवावे. सातारा जिल्ह्यात शिरवळला, पुणे-बंगळूरु महामार्गावर, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याहून ते सुमारे 60 किलोमीटर पडते.

निघताना शेवटच्या दिवसाच्या लेंड्या कागदाच्या पुडीत बांधून घ्याव्यात, पेलेटच्या पिशवीवरील माहितीचा फोटो काढावा, आणि शेवटचे कधी खाल्ले, कधी लेंडी टाकली, किती पाणी प्यायला हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. पेटाऱ्यात त्याचेच नेहमीचे गवत अंथरावे आणि वरून सुती कापड टाकावे. जोडीने राहणारे ससे असतील तर दोघांनाही बरोबर न्यावे: दवाखान्याचा वास घेऊन एकटा परतलेला ससा दुसऱ्याला परका वाटतो आणि ते भांडतात. शिवाय दुखणाऱ्या सशाला शेजारी कोणी गवत चघळताना दिसले, की तोही कधी कधी एखादी काडी तोंडात घेतो.