शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा बार कागदावर तपासताना

एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षी बनलेल्या दोन दुनळ्या एकच काडतूस वेगवेगळं मारतात. एकाच दुनळीच्या डाव्या-उजव्या नळीतही फरक असतो. म्हणून कोकणात भात, काजू किंवा नारळाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर (छर्ऱ्याची बंदूक) बाळगणाऱ्याने आपली बंदूक कुठलं काडतूस किती फुटांपर्यंत नीट मारते हे कागदावर बघून घ्यावं. रायफलवाले परदेशात यासाठी घरी काडतुसं भरतात. आपल्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यात काडतूस बनवणं किंवा पुन्हा भरणं बसत नाही, ते करू नका. तयार काडतुसांतून आपल्या नळीला जुळणारं निवडणं एवढं आपल्या हातात आहे, आणि ते पुरतं.

शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुकराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. वनखात्याची लेखी परवानगी हातात नसेल तर बार जनावरावर टाकायचा नाही.

आधी बंदूक

घरातली जुनी बंदूक असेल तर नळीवरचे ठसे वाचा. नळीच्या पोलादावर वेणीसारखी वळणदार नक्षी दिसत असेल तर ती जुन्या घडणीची दमास्कस नळी असू शकते. तिच्यात आजची बिनधुराच्या दारूची काडतुसं वापरू नका, जाणत्या बंदूक-कारागिराला दाखवा.

चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची, लांबी त्याहून महत्त्वाची. जुन्या नळ्यांवर २½ इंच म्हणजे ६५ मिलिमीटर लिहिलेलं असतं, नव्यांवर ७०. काडतुसावर छापलेली लांबी उघडल्यानंतरची असते. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं. बार उडाला की त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा हिशेब इथे जिवावर बेततो.

प्रत्येक वेळी भरण्यापूर्वी नळीतून उजेड बघा. कोनाड्यात टेकवून ठेवलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, आणि तेवढी माती नळी फाडायला पुरेशी असते. वीस बोअरची काडतुसं त्याच घरात ठेवू नका. बारा बोअरच्या चेंबरमधून ती पुढे सरकून नळीत अडकतात, दिसत नाहीत, आणि मागून बाराचं काडतूस बसतं.

जागा आणि कागद

परवान्यात लिहिलेल्या क्षेत्राबाहेर जायचं नाही, आणि पोलीस ठाण्यात आधी विचारायचं. जवळ रायफल क्लबची रेंज असेल तर तीच बरी. शेतात करायचं तर मागे मऊ मातीचा उंच बांध हवा. जांभ्याचा गडगा, कातळ, विहिरीचं बांधकाम मागे नको, छर्रे उलटतात. पाणी भरलेल्या कुणग्यावरून किंवा खाडीवरूनही आडवा बार नको, पाण्यावरूनही छर्रे उडी घेतात.

बांधामागे काय आहे तेही बघा. क्रमांक ४ चे बारीक छर्रे वर कोन धरून सुटले तर सुमारे २५० मीटर जातात, एलजीचे म्हणजे सर्वांत जाड छर्ऱ्यांच्या काडतुसाचे ७०० मीटरच्या आसपास. कोकणात तेवढ्या अंतरात दुसरी वाडी, शाळा किंवा पाणंद असतेच. नुसतं घाबरवायला म्हणून एलजी हवेत उडवणं याच कारणासाठी वाईट.

बांबूच्या चौकटीवर चार फूट बाय चार फूट खाकी कागद ताणा, नसेल तर वर्तमानपत्राची पानं खळीने जोडून घ्या. मधोमध रुपयाएवढा काळा ठिपका. मोजपट्टीने ६०, ९० आणि १२० फुटांवर खुंट्या मारा. हे काम सकाळी करावं, दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की बारीक छर्रे बाजूला ढकलले जातात. भात पोसवायच्या आत, श्रावणातली उघडीप गाठलीत तर पुढच्या राखणीच्या वेळी उत्तर हाताशी असतं. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवंच.

मोजायचं कसं

नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसा, तेलकट नळीचा पहिला बार वेगळा पडतो. १२० फुटांवरून ठिपक्यावर एक बार, कागद बदला, त्यावर नळी आणि काडतूस लिहा. एका प्रकारचे एका नळीतून निदान पाच. दोन बारांवर मत बनवू नका.

आता छर्ऱ्यांची जिथे सर्वांत दाटी आहे तिथे खिळा धरून १५ इंच सुतळीने वर्तुळ काढा, म्हणजे ३० इंच व्यासाचं. ठिपका मध्य धरायचा नाही. आतली भोकं पेनाने खूण करत मोजा. इंग्रजी मापाच्या क्रमांक ४ च्या ३० ग्रॅम काडतुसात सुमारे १८१ छर्रे असतात, बीबी या त्याहून जाड छर्ऱ्यांच्या काडतुसात सुमारे ७४. डब्यावर वजन वेगळं असेल तर त्या प्रमाणात धरा. समजा ९२ भोकं आली, तर १८१ पैकी ५१ टक्के.

या अंतरावर साध्या नळीतून ४० टक्के, थोडा चोक (तोंडाशी नळी अरुंद केलेली असणं) असलेल्या नळीतून ५०, अर्ध्या चोकला ६० आणि पूर्ण चोकला ७० टक्के हा सर्वमान्य अंदाज. साध्या नळीची टक्केवारी ९० फुटांवर ६० आणि ६० फुटांवर ८० पर्यंत चढते. तुमचा आकडा याहून बराच खाली असेल तर नळीत शिसं चढलंय का बघा, मग दुसरं काडतूस घ्या. प्लास्टिकच्या पेल्यात छर्रे असलेलं काडतूस सहसा दाट मारतं, कारण शिशाचे छर्रे नळीला घासून चपटे होत नाहीत. चपटा छर्रा भरकटतो.

टक्केवारी चांगली पण वर्तुळात जेवणाच्या ताटलीएवढी मोकळी जागा पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ते काडतूस सोडा. आकड्यापेक्षा सारखेपणाला मी जास्त किंमत देतो. पाचपैकी चार बारांत ९० भोकांच्या आसपास आणि एकात ६० देणारं काडतूस, पाचही बारांत ८० देणाऱ्यापेक्षा वाईट.

एलजीला टक्केवारी लावू नका, छर्रे मुळात सहाच्या आसपास. ६०, ७५ आणि ९० फुटांवर प्रत्येकी तीन बार टाका आणि एक फूट बाय दीड फुटाच्या चौकोनात तिन्ही वेळा चार तरी पडतात का बघा. ज्या अंतरापर्यंत ते पडतात ती तुमच्या बंदुकीची हद्द. पूर्ण चोकच्या नळीत एलजी बऱ्याचदा जास्तच विस्कटतं, मोठे छर्रे चोकमध्ये एकमेकांना दाबतात. अखंड गोळीचं काडतूस चोकच्या नळीत मुळीच नको.

वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला तेही मोजा. सगळेच बार उंच जात असतील तर आधी गाल तपासा, दस्त्यावरून गाल उचलला की बार वर जातो. दोन नळ्यांचे मध्य १२० फुटांवर एकमेकांपासून फूटभर दूर असतील तर ते कारागिराचं काम.

आवाज फुसका आला तर पुढचा बार नको. बंदूक मोकळी करून नळीत वॉड (दारू आणि छर्रे यांच्यामधला गट्टा) अडकलंय का बघा. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड बांधाकडेच ठेवून मिनिटभर थांबा, मग उघडा.

खारी हवा

चांगलं निघालेलं काडतूस पावसाळ्यात बिघडू शकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, उन्हात तापणाऱ्या गाडीत नको. पितळेवर हिरवा कळंक चढलेलं किंवा फुगून चेंबरमध्ये अडणारं काडतूस बाजूला काढा, ठोकून बसवू नका. रिकाम्या पुंगळ्या आणि झालेले बार वहीत टिपून ठेवा, चाचणीची काडतुसंही परवान्याच्या हिशेबात मोजली जातात.

बार झाल्यावर त्याच संध्याकाळी नळीला कांस्याचा ब्रश, मग कोरडी फडकी, मग बंदुकीच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, थंडीत थिजतं. किनाऱ्यावर घामाच्या बोटाचा ठसा दुसऱ्या दिवशी तांबडा दिसतो, म्हणून बाहेरूनही पुसा. चामड्याच्या किंवा कापडी म्यानात ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की नळी साफ करून निवडलेल्या काडतुसाचे दोन बार कागदावर पुन्हा बघा.