इंग्रजीच्या कडक मॅमकडून निबंधाला मार्क हवेत? मग या चुका टाळा

युनिट टेस्टचे पेपर हातात पडले की ठाण्यात आमच्या क्लासमध्ये पुढचे दोन दिवस एकच पालुपद: "मॅम मार्क कापतात." घोडबंदर रोडच्या शाळेतलं मूल असो की नौपाड्यातलं, तक्रारीचे शब्दही तेच. मी आधी पेपर मागते. बऱ्याचदा दिसतं असं की मॅमनी काही कापलेलं नाही, द्यायलाच त्यांना काही सापडलेलं नाही. स्पेलिंग बरोबर, अक्षर सुवाच्य, आणि तीन पॅराग्राफमध्ये लिहिणाऱ्याचं स्वतःचं एक वाक्य नाही. सैलपणे तपासणारे शिक्षक अशा निबंधाला २० पैकी १४ देऊन मोकळे होतात. कडक मॅम ११ वर थांबतात.

विषय अर्धाच वाचणं

आयसीएसईच्या दहावीला लँग्वेजच्या पेपरात कॉम्पोझिशन २० मार्कांचं असतं, ३०० ते ३५० शब्दांचं, आणि त्यावर ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका अशी सूचना प्रश्नातच छापलेली असते. त्या ३० मिनिटांतलं एक मिनिटही मुलं विषय वाचण्यात घालवत नाहीत. समजा विषय आहे, 'तुम्हाला नाइलाजाने मदत मागावी लागली असा प्रसंग'. 'मदत' दिसली रे दिसली की पाठ केलेला निबंध बाहेर पडतो: आजींचा हात धरून रस्ता ओलांडून दिला, आजींनी आशीर्वाद दिला. अहो, इथे मदत मागायची होती, करायची नव्हती. शिवाय 'नाइलाजाने' म्हटलंय, म्हणजे मागताना झालेली घालमेलही यायला हवी होती. पेन्सिलने असे दोन शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येक पॅराग्राफ संपला की बघा, त्यांतल्या एकाला तरी तो धरून आहे का. सीबीएसईला दहावीचं पत्र १२० शब्दांच्या आसपास बसवायचं असतं, तिथे तर इकडेतिकडे भटकायला जागाच नाही.

कुणाच्याही वहीत चालेल असं लिहिणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'पावसाळ्यातलं माझं शहर' या विषयावर नववीतल्या एका मुलाने लिहिलं होतं: ठाणे हे तलावांचं शहर आहे, पावसात निसर्ग हिरवागार होतो, लोक गरमागरम भजी खातात, ट्रॅफिकमुळे हाल होतात. समासात मॅमचा रिमार्क होता, 'व्हेग'. तो म्हणाला, "पण यात खोटं काय आहे?" खोटं काहीच नाही. ठाण्याऐवजी पुणे लिहून 'तलावांचं' तेवढं खोडलं, तरी निबंध जसाच्या तसा चालेल, हीच अडचण.

मी त्याला विचारलं, पावसात तुमच्या घरात काय बदलतं? तो सांगायला लागला. आजोबा रोज सकाळी तलावपाळीला फिरायला जातात. सर आली की फिरणारे सगळे समोरच्या दुकानांच्या पत्र्याखाली जमतात. सोसायटीतले एक काका पार्किंगच्या भांडणापासून आजोबांशी बोलत नाहीत, पण पत्रा गळतो म्हणून ते आपली छत्री थोडी आजोबांकडे कलती धरतात. तरीही बोलत मात्र नाहीत.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"हे लिहायचं असतं?"

असतं. पुढच्या मसुद्याची सुरुवात त्याने थेट गळक्या पत्र्याखाली केली. 'दे हॅव नॉट स्पोकन सिन्स द पार्किंग मीटिंग', इतकं साधं वाक्य. त्यात एकही अवघड शब्द नाही, आणि निसर्ग कुठे हिरवागार झाला नाही. उलट करणारी मुलं मोबाईलवर समानार्थी शब्द शोधून 'ब्युटिफुल' काढतात आणि 'मेस्मराइझिंग' घालतात. शब्द जड झाला, वाक्य होतं तिथेच राहिलं. चॅटबॉटकडून आणलेल्या निबंधाचं दुखणंही हेच. वर्गात रोज 'आय ॲम हॅविंग डाउट' म्हणणारं मूल एकदम गुळगुळीत परिच्छेद आणून देतं, तेव्हा मॅमना डिटेक्टर लागत नाही.

ऐकीव माहिती आणि उसनी वचनं

ठाण्यावर निबंध म्हटला की १८५३ येतंच, आणि यायलाही हरकत नाही. पण मुलं लिहितात, भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली. १६ एप्रिल १८५३ ला धावली ती पहिली प्रवासी रेल्वे. मद्रासजवळ रेड हिल्सची दगड वाहणारी रेल्वे १८३७ मध्येच सुरू झाली होती. 'पॅसेंजर' हा एक शब्द गळला की कडक मॅम तिथे लाल रेघ मारणार, आणि ती रेघ रास्तच आहे. वचनांचंही तसंच. 'बी द चेंज' हे वाक्य गांधीजींच्या नावावर हमखास खपवलं जातं, पण त्याच शब्दांत ते त्यांच्या लेखनात सापडत नाही. शेवटचा पॅराग्राफ 'इन कन्क्लुजन' आणि असं एखादं वचन यांवर उरकण्यापेक्षा प्रसंग संपला तिथे पेन खाली ठेवलेलं बरं.

मराठीत विचार, इंग्रजीत चूक

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. 'जरी... तरी' मनात असतं म्हणून 'ऑल्दो' लिहिल्यावर पुढे 'बट' येतोच. दोन्हींतला एकच ठेवा. 'दोन तासांपासून' याचं 'सिन्स टू अवर्स' होतं, हवं 'फॉर'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. 'अ' आणि 'द' तर निम्म्या ठिकाणी गायब असतात, कारण मराठीत ही भानगडच नाही. गोष्ट भूतकाळात सुरू होते आणि रंगात आली की वर्तमानात घसरते. या सगळ्या चुका एकाच मुलाच्या नसतात. मागचे दोनतीन पेपर काढून आपल्या कोणत्या ते शोधा आणि शेवटची पाच मिनिटं फक्त तेवढ्यांसाठी ठेवा. सगळंच तपासायला गेलात तर काहीच सापडत नाही.

मार्जिन सोडा, पॅराग्राफ पाडा. याहून जास्त त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

रिमार्क न वाचता मार्क मोजणं

पेपर मिळाल्यावर मुलं बेरीज तपासतात. समासातलं लाल अक्षर वाचत नाहीत, आणि खरी शिकवणी तिथेच फुकट मिळत असते. 'सो व्हॉट?' म्हणजे घटना सांगितली, तिने काय झालं ते सांगितलं नाही. 'ऑफ टॉपिक' म्हणजे वरची पहिली चूक. नुसतीच नागमोडी रेघ असेल तर ते वाक्य मोठ्याने वाचून बघा, बहुतेक वेळा जीभ अडखळते.

एवढं करूनही कळलं नाही तर मॅमना विचारा, पण "दोन मार्क का कापले?" असं नको. त्याने बोलणं हिशेबावर जातं. आईला पुढे करणं किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅमचा उद्धार करणं, याने तर एक ओळही सुधारत नाही. त्यापेक्षा एकच पॅराग्राफ पुन्हा लिहून न्या आणि म्हणा, "मॅम, मी हा परत लिहिलाय. आता तरी मुद्दा कळतोय का?" कडक म्हणून नावाजलेल्या बाईही अशा मुलाला सहसा परत पाठवत नाहीत. फक्त प्रिलिमनंतर जाऊ नका, तेव्हा स्टाफरूमबाहेर रांग असते आणि एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. पहिल्या युनिट टेस्टनंतर गेलात तर मधल्या सुट्टीत निवांत बोलता येतं, आणि सुधारलेलं लिहून दाखवायला अख्खं वर्ष हातात असतं.