पीएचपीत 'टुमॉरो', 'नेक्स्ट मंडे' आणि '+१ मंथ' नीट पार्स कसं करायचं

पीएचपीत (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) तारखेचं काम आलं की बरेच जण स्ट्रटूटाइमला, म्हणजे शब्द वाचून (पार्स करून) त्यांची तारीख-वेळ काढणाऱ्या फंक्शनला, 'टुमॉरो' नाहीतर '+१ वीक' अशी स्ट्रिंग (मजकूर) देतात आणि मोकळे होतात, चालूनही जातं बऱ्याचदा. घोळ होतो तो महिनाअखेरीला, रविवारी किंवा रात्री बाराच्या आसपास, म्हणजे नेमकं कोणी टेस्टिंग करत नसतं तेव्हा.

सगळ्यात आधी हे बघायचं की आपण देतोय तो शब्द घड्याळाला हात लावतो की नाही. 'टुडे', 'टुमॉरो', 'यस्टर्डे', 'मिडनाइट' हे सरळ वेळ ००:०० करून टाकतात, 'नून' १२:०० करतो, आणि 'मंडे' सारखं वाराचं नाव दिलं तरी वेळ ००:०० होते. '+१ डे' मात्र वेळ तशीच ठेवतो. म्हणजे आत्ता दुपारचे ३:४० असतील तर 'टुमॉरो' म्हणजे आज रात्री बारा, आणि '+१ डे' म्हणजे उद्या दुपारी ३:४०. वेळ पण द्यायची असेल तर 'टुमॉरो ०९:००' असं दिवस आधी, वेळ नंतर लिहायची सवय लावा, उलटं लिहायच्या भानगडीत पडूच नका.

यातच एक फसवा प्रकार आहे, 'फर्स्ट डे ऑफ नेक्स्ट मंथ'. वाचताना वाटतं एक तारीख रात्री १२ वाजता, पण हा वेळेला हात लावत नाही, त्यामुळे ३:४० ला चालवलं तर १ तारीख ३:४० मिळते आणि तीच क्वेरीत (डेटाबेसकडे केलेल्या मागणीत) 'पासून' म्हणून टाकली की १ तारखेच्या दुपारपर्यंतची सगळी रेकॉर्ड्स रिपोर्टमधून गायब. शेवटी 'मिडनाइट' जोडा, झालं. आणि 'ऑफ' विसरू नका! 'फर्स्ट डे नेक्स्ट मंथ' लिहिलंत तर पीएचपी 'फर्स्ट' चा अर्थ +१ घेतं, म्हणजे आजपासून एक महिना आणि एक दिवस. एरर वगैरे काही येत नाही, गुपचूप चुकीची तारीख.

आता महिन्याचं. '+१ मंथ' करताना पीएचपी फक्त महिन्याचा आकडा एकने वाढवतं, तारीख तीच ठेवतं, आणि मग अशी तारीख अस्तित्वात नसेल तर उरलेले दिवस पुढच्या महिन्यात ढकलतं. ३१ जानेवारी २०२४ ला '+१ मंथ' केलं की आधी ३१ फेब्रुवारी बनतं, २०२४ लीप वर्ष म्हणून फेब्रुवारी २९ चा, दोन दिवस जास्त, उत्तर २ मार्च. मागे जाताना पण हेच, ३१ मार्च २०२४ ला '-१ मंथ' करा, परत २ मार्चच येतो, आणि 'मागच्या महिन्याचा रिपोर्ट' म्हणून मार्चचाच रिपोर्ट निघतो. नुसतं महिन्याचं नाव हवं असेल तर 'फर्स्ट डे ऑफ लास्ट मंथ' वापरा, एक तारीख प्रत्येक महिन्यात असतेच.

गंमत म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसला ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवायला सांगितलं तर ते २९ फेब्रुवारी देतं, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही तेच. म्हणजे ड्यू डेट अर्ध्या ठिकाणी डेटाबेसमध्ये काढताय आणि अर्ध्या ठिकाणी पीएचपीत, तर दोन वेगळी उत्तरं येणार, तेव्हा एकच जागा ठरवा. माझं मत विचाराल तर दर महिन्याच्या बिलिंगसाठी '+१ मंथ' वापरूच नये. मूळ तारीख (समजा ३१) वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि दर महिन्याला ती तारीख किंवा त्या महिन्याचा शेवटचा दिवस, यातलं जे आधी येईल ते घ्या. मागच्या बिलाच्या तारखेत महिना मिळवत गेलात तर एकदा २९ वर (पीएचपीत २ वर) आलेला माणूस परत कधी ३१ वर जातच नाही.

वारांचं थोडक्यात: आज सोमवार असेल तर 'मंडे' म्हणजे आजच, 'नेक्स्ट मंडे' म्हणजे सात दिवसांनी. 'मंडे धिस वीक' मध्ये आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणून रविवारी चालवलं तर सहा दिवसांपूर्वीचा सोमवार मिळतो. '+३ वीकडेज' फक्त शनिवार-रविवार सोडतो, सुट्ट्यांची यादी तुमची तुम्हीच सांभाळायची.

युजरने टाईप केलेली स्ट्रिंग थेट पार्सरला देणार असाल तर जरा थांबा. रिकामी स्ट्रिंग दिली तर स्ट्रटूटाइम फॉल्स (म्हणजे 'जमलं नाही') देतं पण डेटटाइमचा ऑब्जेक्ट (पीएचपीत तारीख-वेळ ठेवायची दुसरी सोय) चक्क आत्ताची वेळ घेऊन बसतो, म्हणजे फॉर्ममध्ये तारीख भरलीच नाही तरी आजची सेव्ह होते. नुसतं 'ए' हे अक्षर दिलं तरी चालतं, कारण एकेक अक्षर टाइमझोनचं नाव म्हणून धरलं जातं. ०१/०२/२०२४ म्हणजे अमेरिकन पद्धतीने २ जानेवारी, आणि ०१-०२-२०२४ म्हणजे १ फेब्रुवारी. फॉल्स न तपासता तारीख छापणाऱ्या डेट फंक्शनला दिलं तर १ जानेवारी १९७० छापून येतं, ते तर सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पीएचपी ८.३ पासून मॉडिफाय (डेटटाइमची तारीख बदलणारं फंक्शन) चुकीच्या स्ट्रिंगवर एक्सेप्शन (कोड थांबवणारी एरर) टाकतं, त्याआधी वॉर्निंग आणि फॉल्स. शक्य असेल तर युजरला मोकळी स्ट्रिंग देऊच नका, 'उद्या', 'पुढचा आठवडा' असे ठराविक पर्याय द्या आणि कोणत्या पर्यायाला कोणती स्ट्रिंग हे कोडमध्ये ठरवा.

'आत्ता' एकदाच काढा, रिक्वेस्टच्या सुरुवातीला, आणि तोच सगळीकडे द्या (स्ट्रटूटाइमचा दुसरा पॅरामीटर त्यासाठीच आहे), नाहीतर 'टुडे' रात्री ११:५९ ला आणि 'टुमॉरो' १२ नंतर चालला की मध्ये पूर्ण दिवसाचं भगदाड. टेस्ट लिहायलाही हेच सोपं, ३१ जानेवारी बेस म्हणून द्या आणि बघा काय येतं. ऑब्जेक्ट डेटटाइमइम्यूटेबलच (मूळ तारीख न बदलणारा प्रकार) घ्या, साध्या डेटटाइमवर मॉडिफाय केलं की मूळचाच बदलतो. 'टुमॉरो ०९:००' आधी युजरच्या टाइमझोनमध्ये काढा आणि मग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) सेव्ह करा, उलट क्रमाने नाही. आणि जिथे घड्याळं पुढेमागे करतात तिथे '+१ डे' आणि '+२४ अवर्स' एक नसतात: बर्लिनमध्ये ३० मार्च २०२४ दुपारी १२ नंतर २४ तास म्हणजे ३१ तारखेचा दुपारचा १, कारण त्या रात्री २ चे थेट ३ वाजले.

जावास्क्रिप्टच्या (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) डेटला यातलं काही कळत नाही, 'टुमॉरो' दिलं की इन्व्हॅलिड डेट. आकडे देऊन तारीख बदलणारं सेटडेट वापरा, आणि महिना बदलणारं सेटमंथ पण पीएचपीसारखंच उतू जातं हे ध्यानात ठेवा.